घरची लाभार्थी

मखमलाबादच्या पुढे, मळ्यामळ्यांत विखुरलेल्या वस्तीत सुवर्णाची एक ख्याती होती. रस्त्यानं कुणी बाई मूल कडेवर घेऊन चालली असली, तर सुवर्णा अंगणवाडीच्या दारातूनच सांगायची, "साडेसात महिन्यांचं आहे. बसतंय, पण अजून एका अंगावर कलतंय." बाई जवळ आल्यावर विचारून बघावं, तर महिनाही बरोबर निघायचा आणि कलायचं अंगही.

ती तिथली अंगणवाडी सेविका. सरकारी कागदांत अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाला 'लाभार्थी' म्हणतात, आणि सुवर्णाकडे असे बेचाळीस लाभार्थी होते. कुणी मान कधी धरली, कुणाला पहिला दात कधी आला, कोण 'दूध दे' असं दोन शब्दांचं बोलायला लागलं, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. आया स्वतःच्या पोरांचे वाढदिवस विसरायच्या, सुवर्णा विसरायची नाही.

त्यामुळे लग्नानंतर चार वर्षांनी, ऐन दिवाळीच्या आठवड्यात तिला मुलगी झाली, तेव्हा सगळ्या वस्तीला वाटलं, हे मूल पुस्तकाबरहुकूम वाढणार. नवरा योगेश फुलांची शेती करायचा. तो दवाखान्यात आला तो थेट झेंडूच्या तोडणीवरून. हात हिरवट-काळे झालेले. नर्सनं त्याला धुवायला तीनदा परत पाठवलं, तेव्हा कुठं मुलगी हातात दिली. नाव ठेवलं निकिता.

"हिचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघणार," सुवर्णा लताबाईंना म्हणाली. लताबाई अंगणवाडीतल्या मदतनीस. खिचडी शिजवायच्या, पोरांची नाकं पुसायच्या आणि मनात येईल ते बोलून मोकळ्या व्हायच्या.

"बघा की," लताबाई म्हणाल्या. "मला चार झाली. कोण कधी बसलं अन् कोण कधी उठलं, काय ध्यानात नाय. एक दिवस बघितलं तर चौघं उभी होती."

सुवर्णाला सहा महिन्यांची रजा होती. तिनं नवी कोरी वही आणली, रेघा आखल्या. मान धरली, हसली, आवाजाकडे वळली, हे सगळं वेळच्या वेळी झालं आणि तारखेनिशी वहीत आलं. पाचव्या महिन्यात निकिता पालथी पडायच्या बेतात आली. पाय उचलायची, कंबर वळवायची आणि अर्ध्यावर परत उताणी व्हायची. सुवर्णा तिच्यापुढं मांडी घालून बसून राहिली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दूध उतू गेल्याचा वास आला. ती उठली, गॅस बंद केला, फडकं फिरवलं आणि परत आली, तर पोरगी पालथी पडून ऐटीत मान वर करून बघत होती. सासूबाई चतुराबाई उंबऱ्यात बसून गवारी मोडत होत्या.

"आत्ताच पालथी झाली," चतुराबाई म्हणाल्या. "लय भारी झाली. एका दमात."

"आत्याबाई, मला हाक मारायची ना!"

"हाक मारायला तोंड उघडलं तवर झालं की गं. ती काय नारळ फोडून सुरू करती व्हय?"

सुवर्णानं वहीत तारीख लिहिली. पुढं कंसात लिहिलं, 'आत्याबाईंनी पाहिलं.' तिला वाटलं, एखादी गोष्ट निसटायचीच.

मग निकिता रांगलीच नाही. वस्तीतली सगळी पोरं आठ-नऊ महिन्यांत गुडघ्यांवर यायची, ही बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरायला लागली. एक पाय पुढं टाकायची, टाच रोवायची आणि सगळं अंग सुर्रकन ओढून घ्यायची. वेग असा, की कोंबड्या बाजूला व्हायच्या. बाया मुद्दाम बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून विचारायच्या, "ताई, तुमच्या त्या तक्त्यात हे कुठं बसतं?"

"काही मुलं रांगण्याचा टप्पा गाळतात," सुवर्णा ठामपणे सांगायची. हे खरंच होतं, तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण दुसऱ्याच्या मुलाबद्दल सांगताना ते जितकं सोपं वाटायचं, तितकं आता वाटत नव्हतं.

वर्ष झालं. चौदा महिने झाले. निकिता भिंतीला धरून उभी राहायची आणि हात सोडायची वेळ आली की खाली बसून सरकत निघून जायची. सुवर्णा दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना धीर द्यायची, "अठरा महिन्यांपर्यंत वाट बघायची, घाबरायचं नाही." आणि संध्याकाळी घरी येऊन पोरीचे पाय तेलानं इतके चोळायची, की ती उभी केल्यावर घसरायचीच.

पंधराव्या महिन्यात पोलिओचा रविवार आला. मारुती मंदिराच्या ओट्यावर बूथ. सुवर्णा सकाळपासून थेंब पाजत होती, लताबाई पोरांच्या करंगळीला शाई लावत होत्या. साडेअकराला योगेशचा फोन आला. मागे कसला तरी गोंगाट चालला होता.

"चालली! सुवर्णा, चालली!"

"कोण चाललं? कुठं?"

"अगं, निकिता! शेवंतीच्या ढिगाकडे. सहा पावलं. नाही, सात. शेवटचं पडता पडता टाकलं, ते धरायचं का?"

सुवर्णाच्या एका हातात लसीची बाटली होती, दुसऱ्या हातात एका रडणाऱ्या पोराचे गाल. ती ओरडून म्हणाली, "थांबवा तिला! मी येईपर्यंत बसवून ठेवा!"

"अगं, वर्षभर चाल म्हणत होतीस, आता थांबवू?"

बूथ चारला सुटला. सुवर्णा जवळजवळ पळतच घरी आली. पुढं दोन हात पसरून बसली. निकितानं आईकडं बघितलं, खुदकन हसली आणि ढुंगणावर सरकत येऊन मांडीत बसली. त्या दिवशी चालली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. योगेशनं शेवंतीचा ढीग परत रचून दाखवला, चतुराबाईंनी टाळ्या वाजवून दाखवल्या, शेजारचा मनोज मोटरसायकलचा हॉर्न वाजवून गेला. निकिता सगळ्यांची मजा बघत बसून राहिली. चौथ्या दिवशी सुवर्णा चिडून म्हणाली, "चालली होती की तुम्ही बापलेकीनं मिळून थाप मारली?" आणि पाठ फिरवून चहा ठेवायला गेली. पाठीमागं चतुराबाई किंचाळल्या. सुवर्णा वळली, तेव्हा निकिता तिच्या पदराला धरून उभी होती. खोलीच्या त्या टोकाहून ती इथवर कशी आली, ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आईनं तेवढं नव्हतं पाहिलं.

बोलण्याचा तर वेगळाच घोळ. सुवर्णानं कधी मोठ्यानं म्हटलं नाही, पण पहिला शब्द 'आई' असणार, असं तिनं मनात धरून ठेवलं होतं. निकिता रोज बापाबरोबर फुलांच्या शेडमध्ये असायची. तिथं फुलं भरायच्या प्लास्टिकच्या खोक्यांवरून, म्हणजे कॅरेटांवरून, दिवसभर एकच आरडाओरडा, 'कॅरेट आण, कॅरेट उचल, कॅरेट कुठं ठेवलं'. एका संध्याकाळी जेवताना तिनं भाताची वाटी पालथी घातली, तिच्यावर थाप मारली आणि स्पष्ट म्हणाली, "कॅलेट."

"आजी म्हणाली!" चतुराबाई ओरडल्या.

"आत्याबाई, कॅरेट म्हणाली."

"मला काय ऐकू येत नाय व्हय? आजी म्हणाली ती. लिव्ह तुझ्या वहीत."

हा वाद पुढं दोन वर्षं चालला आणि अजूनही मिटला आहे असं नाही. वहीत मात्र त्या तारखेपुढं दोन्ही शब्द आहेत. घरात शांतता हवी असेल तर सेविकेलाही थोडी नोंद वाकवावी लागते.

तीन वर्षांची झाल्यावर निकिता अंगणवाडीत यायला लागली आणि आता मात्र सगळं आपल्या डोळ्यांसमोर होणार, म्हणून सुवर्णा खूश झाली. निकितानं पहिल्याच दिवशी एक नियम केला. घरात 'आई' आणि अंगणवाडीच्या दारातून आत पाऊल टाकलं की 'बाई'. कुणी शिकवलं नव्हतं. बाकीची पोरं बाई म्हणतात, तर आपणही तेच म्हणायचं. पडली, गुडघा फुटला, तरी रडत रडत यायची आणि म्हणायची, "बाई, माझी आई कुठाय?"

"अगं, मीच ना तुझी आई!"

"आत्ता नाय. दोन वाजल्यावर."

सुवर्णा तिला पोटाशी घ्यायची आणि दोन वाजेपर्यंत बाई म्हणूनच तिचे डोळे पुसायची.

साडेचार वर्षांची असताना एक प्रकार घडला. गरोदर बायांच्या कार्यक्रमासाठी शेंगदाण्याची चिक्की आणून कपाटात ठेवली होती. सकाळी उघडलं, तर सहा वड्या गायब. आणि निकिताच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत गूळ.

"चिक्की कुणी खाल्ली?"

"उंदरानं, बाई."

"कपाटाला कडी होती."

निकितानं क्षणभर विचार केला. "उंदरानं स्टूल घेतलं."

"उंदीर स्टूल उचलतो?"

"मोठा होता. लताबाईंएवढा."

लताबाई खिचडीचा डाव हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, आता पोरीची धडगत नाही. पण सुवर्णाचा चेहरा असा फुलला, जणू जिल्ह्याचं बक्षीस लागलं. तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं, की माझ्या मनातलं समोरच्याला आपोआप दिसत नाही, हे मुलाला कळतं, तेव्हाच ते पहिल्यांदा नीट खोटं बोलू शकतं. ते वय चार ते पाच. आणि ही पहिली गोष्ट तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, अगदी समोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"लताबाई, बघितलंत? खोटं बोलली! पहिल्यांदा!"

"बघितलं की. माझ्या पोरानं असं केलं असतं ना, तर ह्या डावानं त्याची आरतीच केली असती. अन् मला उंदीर म्हणाली ते?"

मग सुवर्णा भानावर आली. डोळे मोठे केले, खोटं का बोलू नये ते सांगितलं, लताबाईंची माफी मागायला लावली. पण सांगताना तिचे ओठ सारखे हसू दाबत होते, आणि निकितानं ते ओळखलं. मुलं ओळखतातच.

शाळेत गेल्यावर सुवर्णाचं राज्य खालसा झालं. पुढचे दोन दात पडले, 'फ' वाऱ्यावर उडायला लागला आणि घरात एक नवी सत्ता आली: 'आमचे सर.' बेचाळीस मुलांना हात धरून अक्षर गिरवायला लावणारी बाई स्वतःच्या घरात 'ळ' चुकीचा काढत होती, कारण सरांचा 'ळ' वेगळा होता. 'सकाळी दूध पी' म्हटलं, तर सर काय म्हणतात ते विचारून यायचं होतं. योगेश गंमत बघायचा. "तुझ्या त्या वहीत लिही ना," तो म्हणायचा, "सातव्या वर्षी आईला काही कळत नाही असं वाटणे."

वही कधीच मागं पडली होती. मुलगी वाढत होती आणि सुवर्णालाही रोजची कामं होती. मधल्या वर्षांत निकितानं सायकल शिकली (मनोजनं शिकवली), पोहायला शिकली (योगेशनं, शेततळ्यात, कमरेला डबा बांधून) आणि एक मोठं गुपित चार महिने कुणालाही कळू न देता सांभाळलं, की वर्गातल्या सगळ्यांनी मिळून शाळेमागं एक मांजर पाळलं आहे. सुवर्णाला हे तिन्ही दुसऱ्यांकडून कळलं.

आणि मग दहा-अकराव्या वर्षी एक दिवस खोलीचं दार बंद झालं.

दार आधीही होतं, पण कुणाच्या लक्षातच नव्हतं. आता ते लोटलेलं असायचं, आत शिरण्याआधी टकटक करावी लागायची. "शाळेत काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हे एकच उत्तर. जी मुलगी पावट्याच्या शेंगेत दाणे कोण घालतं, हे विचारून भंडावून सोडायची, ती आता आरशासमोर कपाळावरच्या एका फोडाकडे अर्धा तास बघत बसायची. हातपाय असे लांबले होते, की कुठं ठेवायचे ते तिलाच कळत नसावं. ताटं आपटायची, उंबऱ्याला ठेचकाळायची. योगेश काळजीत पडला. "हिला काही झालंय का गं?"

"व्हायचंय," सुवर्णा म्हणाली.

या एका गोष्टीची तिनं जय्यत तयारी केली होती. वस्तीतल्या किशोरी मुलींची बैठक तीच घ्यायची. पाळी म्हणजे काय, ती का येते, काय काळजी घ्यायची, हे ती असं छान सांगायची, की मुली आधी लाजायच्या आणि नंतर प्रश्न विचारता विचारता थांबायच्या नाहीत. पण निकिता त्या बैठकीला यायला तयार नव्हती. "माझ्या मैत्रिणींसमोर तू ते सगळं बोलणार? आई, प्लीज." मग सुवर्णानं ठरवलं, घरीच, दोघीच बसून बोलू. पण कधी निकिताचा अभ्यास असायचा, कधी तोंड वाकडं, कधी मध्येच चतुराबाई येऊन बसायच्या. शेवटी सुवर्णा पोळ्या लाटता लाटता एकटीच सराव करायला लागली.

"हे आजारपण नाही. ही घाण नाही. शरीर आपापल्या वेळेनं एकेक काम हाती घेतं, त्यातलंच हे एक. पोटात दुखलं तर सांगायचं, काही लागलं तर मागायचं..."

पलीकडे चहा पिणारा योगेश विचारायचा, "कुणाशी बोलतेयस?"

"निकिताशी."

"ती तर शाळेत गेलीय."

"म्हणूनच बोलतेय."

वर्षभर हे चाललं. भाषणाला दर आठवड्याला नवं वाक्य जोडलं जायचं. योगेश कधी चहा पीत असायचा, कधी बुटांच्या नाड्या बांधत असायचा. ऐकतोय असं कधी वाटलं नाही.

निकिताचं तेरावं चालू होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नेमकं त्याच दिवशी, नाशिकरोडला सेविकांचं प्रशिक्षण लागलं. योगेशसाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. झेंडूची कॅरेटं भरून तो पहाटेच पिकअपनं गणेशवाडीच्या फूलबाजारात गेला आणि शाळेला सुट्टी म्हणून मदतीला निकिताला घेऊन गेला.

प्रशिक्षणाचा विषय होता, 'किशोरवयीन मुलींशी संवाद.' सगळ्यांचे फोन आवाज बंद करून एका टोपलीत ठेवायला लावले होते. मॅडमनी विचारलं, मुलीशी कसं बोलावं याचं प्रात्यक्षिक कोण करून दाखवेल, आणि सुवर्णा उठली. एका सेविकेला समोर मुलगी म्हणून बसवलं आणि वर्षभर पोळ्यांवर घोटलेलं सगळं म्हणून दाखवलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एकीनं तर डोळे पुसले. चहाच्या सुट्टीत सुवर्णानं टोपलीतून फोन काढला. योगेशचे अकरा फोन येऊन गेले होते.

तिनं लावला. उचलला निकितानं.

"आई, काही नाही. झालं सगळं. तू घाबरू नकोस."

"काय झालं?"

मागे कुणीतरी 'आपटा घ्या, आपटा' ओरडत होतं. मग निकिता हळू आवाजात म्हणाली, "तेच. तुझं."

सुवर्णा पिशवी घेऊन बाहेर पडली ती चहा टेबलावर तसाच ठेवून. रिक्षा द्वारका चौकात अडकली. दसऱ्याची गर्दी, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं एकात एक. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, रडू नका. कोण ॲडमिट आहे का?"

"कोणी नाही," सुवर्णा म्हणाली. "मुलगी मोठी झाली."

त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यानं रिक्षा वळवली आणि गल्लीबोळातून काढून तिला पुलापलीकडं सोडलं.

बाजारात पिवळ्या-केशरी ढिगांमधून वाट काढत ती पोचली. वाटेत तिनं डोळ्यांपुढं काय काय आणलं होतं: घाबरलेली पोर, रडून सुजलेले डोळे. निकिता एका उलट्या कॅरेटवर बसून तोरण ओवत होती आणि दुसऱ्या हातानं वडापाव खात होती. शेजारी पेठ तालुक्यातून आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या विकायला आलेल्या चिमणाबाई. आणि ढिगामागं योगेश, चेहरा फुलांहून केशरी.

तोरण बघून सुवर्णाच्या मनात एक जुनी गोष्ट टचकन टोचून गेली. देवाची फुलं, आणि आज. गेली कित्येक वर्षं ती मुलींना सांगत होती, की यात विटाळ काही नाही. तरी तिचा हात पुढं झाला होता, तोरण काढून घ्यायला. तिनं तो हात तसाच पुढं नेला आणि निकिताच्या केसांवरून फिरवला.

"दुखतंय का?"

"थोडंसं. चिमणाबाईंनी ओवा दिला. त्या मला तिकडं आडोशाला घेऊन गेल्या, त्यांची शाल गुंडाळायला दिली."

"पोरगी लय शहाणी," चिमणाबाई म्हणाल्या. "मालक मात्र येडबडला. अकरा वेळा फोन दाबला, घामाघूम झाला."

"मग मेडिकलमध्ये कोण गेलं?"

योगेश ढिगाआडूनच बोलला. "मी. म्हटलं, मुलीसाठी पाहिजे. तो म्हणाला, काय पाहिजे? म्हटलं, ते. त्यानं ग्लुकोज दिलं. म्हटलं, नाही, ते दुसरं, ती बारा वर्षांची आहे. त्यानं ताकदीची पावडर काढली. मागे दहा जणांची रांग. शेवटी मी ओरडलो, पॅड द्या! सगळं दुकान गप्प. मग रांगेतल्याच एक बाई पुढं आल्या, त्यांनी कुठलं घ्यायचं ते सांगितलं. मी चार पाकिटं आणली."

"आठ," निकिता म्हणाली. "चार पाकिटं आणि परत जाऊन अजून चार. म्हणाले, दसऱ्याची दुकानं बंद असतील."

सुवर्णा शेजारच्या कॅरेटवर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. "मी एवढी तयारी केली होती गं. वर्षभर. आणि आजच बाहेर गेले."

"पप्पांनी सांगितलं ना मला."

"काय सांगितलं?"

निकितानं वडापाव खाली ठेवला आणि बापासारखं इकडंतिकडं बघत, मान खाजवत म्हणाली, "हे आजारपण नाही. ही घाण नाही. शरीर आपापल्या वेळेनं तोडणीला, म्हणजे, कामाला लागतं. पोटात दुखलं तर मागायचं, काही लागलं तर दुखायचं..."

"उलटं झालं थोडं," योगेश पुटपुटला. "गडबडीत."

सुवर्णा त्याच्याकडं बघतच राहिली. चहाचा कप, बुटांच्या नाड्या, खाली घातलेली मान. शब्द न् शब्द ऐकला होता माणसानं.

"मग आता तू म्हण," निकिता म्हणाली. "पप्पांचं निम्मंच होतं."

सुवर्णानं घसा साफ केला. नाशिकरोडला दीडशे बायांसमोर जे घडाघडा आलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. ती नुसती पोरीचा हात हातात घेऊन बसली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन झेंडू कसा दिला विचारू लागलं, आणि तिघंही तीन वेगवेगळे भाव सांगून बसले.

संध्याकाळी घरी जाताना सुवर्णानं पिकअपमध्ये मनाशी भांडणाची जुळवाजुळव केली. चतुराबाई काही म्हणणार, बाजूला बस म्हणणार, आणि आज आपण ऐकून घ्यायचं नाही. घरी आल्यावर तिनं दारातच सांगून टाकलं, आवाज जरा चढवूनच. चतुराबाईंनी नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "उद्याची फुलं निवडायची पडलीत. पाट घे अन् इथं बस. माझ्या टायमाला चार-चार दिस गोठ्याच्या कडेला बसवून ठेवायचे, अन् कामाला पुन्हा आम्हीच. अक्कल नव्हती कुणाला."

भांडण असं निघण्याआधीच संपलं. सुवर्णाला जरा चुकल्यासारखं झालं.

तिघी ओसरीत फुलांभोवती बसल्या. डागी फूल एकीकडं, चांगलं एकीकडं. दिवेलागण होत होती. मग निकितानं मान वर केली आणि आईकडं असं बघितलं, जसं पाहुण्या बाईकडं बघतात, ओळख करून घेतल्यासारखं.

"आई, तुला पहिल्यांदा झालं, तेव्हा तू कुठं होतीस?"

सुवर्णाचा हात थांबला. इतक्या बैठका, इतक्या मुली, इतके प्रश्न, पण हा कुणी विचारला नव्हता.

"पेरूच्या झाडावर," ती म्हणाली.

"काय?"

"खरंच. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, आता मी मरणार. म्हटलं, घरात मेले तर आई रागावेल, आजच शेणानं सारवलंय. म्हणून झाडावर चढून बसले. संध्याकाळपर्यंत. मरण काही येईना, भूक मात्र लागली, मग पेरू खाल्ले. किती खाल्ले मोजले नाहीत. रात्री पोट दुखायला लागलं, तर आईनं बाकी काही विचारलंच नाही, पेरूबद्दलच बदडलं."

निकिता इतकी हसली, की निवडलेली फुलं परत डागी फुलांत मिसळली. हसता हसता तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथंच ठेवलं. दार लोटून बसायला लागल्यापासून असं तिनं केलं नव्हतं. सुवर्णा अजिबात हलली नाही.

"पेरूचं काय घेऊन बसलीस," चतुराबाई म्हणाल्या. "मी तर विहिरीत उतरले होते."

"विहिरीत? आजी, सांग ना!"

सुवर्णाही सरसावून बसली. सतरा वर्षं या घरात होती, पण हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. एवढ्यात योगेश रिकामी कॅरेटं घेऊन ओसरीत आला आणि काय चाललंय बघायला थांबला.

"आधी याला बाहेर काढा," चतुराबाई म्हणाल्या.

"बसू दे गं आजी," निकिता म्हणाली. "पप्पांना सगळं माहितेय."

चतुराबाईंनी लेकाकडं रोखून बघितलं. तो निमूटपणे कॅरेट उलटं करून त्याच्यावर बसला, हातात दोन फुलं घेऊन ती निवडत असल्यासारखं करायला लागला. मग म्हातारीनं पदर सावरला, पाय लांब केले आणि विहिरीच्या पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.